अक-बुलाक चालू आहे

"घोडा आला गं, खोगीर घेऊन आला; वर बसणारा कुठे उतरला, ते धुक्याला विचारा..."

हा आवाज मी सहा वर्षांचा असताना ऐकला. भिंतीशी रचलेल्या रजयांच्या ढिगाआड मी लपलो होतो. गावातले म्हातारे ओळीने आत आले होते, चहा प्यायले होते, मेंढरांचं आणि गवताचं बोलले होते. मग त्यांच्यातल्या एकाने मान खाली घालून, गाण्याच्या चालीवर, आईला हे ऐकवलं. आईने हातातला पियाला खाली ठेवला. त्याचा आवाजही झाला नाही.

वडील जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. गावाला ठाऊक होतं, आम्हाला तेवढं नव्हतं. आमच्या किर्गीझ माणसांत मरणाची बातमी जवळच्याच्या अंगावर फेकत नाहीत. वडीलधारी जमेपर्यंत सगळ्यांनी मिळून ती धरून ठेवायची, आणि मग शब्दांत गुंडाळून, हलकेच त्याच्या ओंजळीत सोडायची.

पुढे मी शहरात शिकलो, विजेच्या कामात शिरलो, आणि म्हाताऱ्यांच्या या रीतीभाती गावाकडे राहिल्या असं धरून चाललो. बिश्केकच्या नियंत्रण कक्षात रीत एकच. लोक जेवढी वीज ओढतील, तेवढीच त्या क्षणी तयार झाली पाहिजे. कमी पडली की समोरच्या भिंतीवरचा फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासच्या खाली उतरतो, आणि मग कुणाचा तरी मोहल्ला अंधारात घालावा लागतो. त्या हिवाळ्यात तो रोजच घालावा लागत होता. तोक्तोगुलच्या धरणाचं पाणी एवढं खाली गेलं होतं की काठावर जुन्या सडकेची कड उघडी पडली होती. कोळसा ओला, थंडी कोरडी. संध्याकाळी पाच वाजले की सारं शहर एकदम शेगड्या लावायचं, आणि आम्ही भिंतीकडे बघत बसायचो.

माझ्या पाळीत अनिपा होती. पन्नाशीची, रुंद चेहऱ्याची, कमी बोलणारी. शेवटचा उपाय म्हणून एखादा फीडर, म्हणजे एखाद्या गल्लीची वीज, बंद करायची वेळ आली की ती बटण दाबण्याआधी पुटपुटायची, "माफ करा हं," जसं काही त्या गल्लीतली माणसं समोर उभी आहेत. तिचा धाकटा भाऊ मेलिस वर डोंगरात, अक-बुलाकच्या छोट्या वीजघरात होता. आई लवकर गेली, तेव्हा याला पाठुंगळीला बांधून अनिपा शाळेत जायची. आता तो पस्तिशीचा बाप्या झाला होता, तरी फोनवर ती त्याला बाळा म्हणायची आणि तो तिला एजे, मोठी बहीण.

अक-बुलाक म्हणजे एक ओढा, एक पाइप आणि एक मशीन. हिवाळ्यात पंधरा दिवस एकटा माणूस. दर तासाला त्याचा फोन यायचा.

"अक-बुलाक चालू आहे. दोन मेगावॅट. पाणी बरं आहे."

"दोन मेगावॅट, पाणी बरं," अनिपा म्हणायची. सांगितलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय आमच्याकडे काही पक्कं होत नाही.

जिपार, आमची रिले बघणारी, मधेच ओरडायची, "एजे, त्याला म्हणावं लग्न कर आता! मशीनशी किती दिवस संसार करणार?"

"जिपारला सांग," पलीकडून यायचं, "मशीन सांगितलेलं ऐकतं तरी."

"ऐकतं म्हणे! आणि गेल्या महिन्यात तुला बर्फात ढकलून कोण बंद पडलं होतं?"

असं चालायचं.

सोमवारी सकाळी खिंडीतला बर्फाचा कडा कोसळला. बर्फाने वीजवाहिनीचे तीन मनोरे दरीत नेले, आणि खिंडीपलीकडचं कोक-जारचं खोरं देशाच्या जाळ्यातून तुटलं. अकराशे उंबरे, एक शाळा, एक दवाखाना. बाहेर उणे एकतीस. कोक-जारच्या उपकेंद्रातली सालकिन मोबाइलवर रडवेली झाली होती. डिझेल गेल्या महिन्यातच संपलेलं. दवाखान्यात दिवस भरायच्या आत जन्मलेली जुळी काचेच्या पेटीत, विजेच्या उबेवर.

आणि तेवढ्यात नऊचा फोन आला. "अक-बुलाक चालू आहे."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. खोरं आता बेट झालं होतं. खिंडीपलीकडे आता एकटं अक-बुलाक, एकटं कोक-जार. मोठ्या जाळ्यात एखादी शेगडी लागली तर कुणाला कळत नाही. बेटावर किटली लागली तरी काटा हलतो. मेलिसला हाताने पाण्याची झडप कमी-जास्त करत राहायला हवं होतं, आणि इथून त्याला सांभाळायला अनिपा हवी होती. तिने खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर ती घरी गेली नाही. मागच्या खोलीतल्या बाकावर तास-दीड तास डोळा लावायची आणि उठून यायची. त्या नऊच्या फोनवेळी तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं नाही. मी काट्याकडे बघत होतो.

मंगळवारी दुपारी शोधपथकाचा माणूस मला फोनवर मिळाला. ते धारेवरून चालत अक-बुलाकला पोचले होते. तरुण पोरगा, मला बाइके, म्हणजे दादा, म्हणणारा. वारा एवढा होता की त्याला दोनदा सांगावं लागलं.

"मेलिस गेला, बाइके. पाइपात पाणी शिरतं त्या तोंडाशी सापडला. जाळीत अडकलेला बर्फ फोडत असणार, हातात दांडा तसाच होता. कडा कोसळला तेव्हाचं आहे. काल सकाळचं."

मी खिडकीपाशी गेलो. पाठीमागे अनिपा कुणाला तरी आकडे सांगत होती.

"आणि मशीन?" मी हळू विचारलं.

"कसलं मशीन? पाइप चपटा झालाय जागोजाग. वीजघरात छतापर्यंत बर्फ आहे. आम्ही खिडकीतून बघितलं."

मी वळून भिंतीकडे पाहिलं. अक-बुलाकपुढे हिरवा दिवा होता. दोन पूर्णांक एक.

फोन वाजला. अनिपाने उचलला.

"बोल बाळा," ती म्हणाली.

मी शिकलेला माणूस आहे. आधी मी मोजमापात चूक शोधली. अक-बुलाकचा आकडा आणि अक-बुलाकचा फोन, दोन्ही त्या वाहिनीच्या तारेवरूनच आमच्यापर्यंत यायचे. तार दरीत पडली होती. सोमवारच्या धावपळीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आकडा अडकलेला असणार. संध्याकाळी बाहेर जाऊन मी सालकिनला मोबाइल लावला.

"दिवे आहेत," ती म्हणाली. "पेटी गरम आहे." मग तिने आवाज खाली आणला. "बाइके, त्याला खाली आणलाय. शाळेच्या अंगणात तंबू उभारला, रिवाजाप्रमाणे. आत त्याला ठेवलाय. वर एक बल्ब लावलाय. तो बल्ब कुठून जळतोय हो?"

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"अनिपा एजेला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू," ती घाईने म्हणाली. "म्हणजे, म्हाताऱ्यांना सांगू दे. आणि तोपर्यंत..." तिने वाक्य सोडून दिलं.

तोपर्यंत काय, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. अनिपाला सांगितलं तर उद्या फोन कोण उचलणार?

अनिपा-मेलिसचे मामा, ओमुराली, तलासला राहायचे. तो घाटही बंद होता. गुरुवारी उघडेल म्हणत होते. मी जिपारला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं. तिने ओढणी तोंडात कोंबली. मग डोळे पुसून आत गेली आणि अनिपाला म्हणाली, "एजे, तुझा चहा गार झाला. दे, दुसरा आणते." आवाज अगदी नेहमीसारखा होता. आमच्या बायका हे लहानपणापासून शिकतात.

बुधवारी संध्याकाळी मी दुसरा रिसीव्हर उचलला. कुणाला न सांगता, हळूच.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. पाइपातलं नव्हे, उघड्यावरचं, दगडांवरून जाणारं.

"एजे, काटा पडतोय."

"कोक-जारमध्ये शेगड्या लागल्या बाळा. थोडी उघड."

"थोडी उघडतो." मग, "झाले पन्नास."

"झाले पन्नास. शाळेकडचे लोक आता दिवे मालवतील. तयार राहा."

"तयार आहे. एजे, एक गंमत सांगू? हात गार पडत नाहीत आता. आधी किती पडायचे, तू विणलेले मोजे मी हातांत घालायचो, जिपार हसेल म्हणून सांगितलं नव्हतं, आता लागतच नाहीत, दोन दिवस झाले, भूक पण नाही, नुसती झडप दिसते आणि तुझा आवाज येतो."

एवढं सगळं तो एका दमात बोलला. दम हा शब्द चुकला. मधे दम नव्हताच. माणूस बोलता बोलता जिथे थांबतो, नाकाने हवा ओढतो, तिथे पाणी वाहत होतं.

"बरंय ना मग," अनिपा म्हणाली. "गार नाही लागत तर बरंय."

मी रिसीव्हर ठेवला. माझ्या कानाची पाळी ओली झाली होती. पुसली, तर बोटाला बर्फाचं पाणी लागलं.

गुरुवारी आमच्याकडे गेलेल्यांसाठी तेल तापवतात. पिठाचे छोटे तुकडे, बोरसोक, तळायचे; खाणं जिवंतांचं, वास त्यांचा. जिपारने खालच्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये, दार लावून, मेलिसच्या नावाने थोडे तळले. अनिपाला कळू नये म्हणून खिडकी उघडी ठेवली. वर आमच्याकडे काहीच वास नव्हता. कोळशाच्या धुराशिवाय त्या शहरात हिवाळ्यात कशाचाच वास येत नाही.

दुपारचा फोन आला. अनिपाने सवयीने तो स्पीकरवर टाकला, कारण तिला दोन्ही हात हवे होते.

"अक-बुलाक चालू आहे. दोन. तुमच्याकडे बोरसोक तळताय का? इतका छान वास येतोय, एजे."

जिपार दारात उभी होती. पिठाचे हात तिने पाठीमागे नेले.

अनिपाने वळून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकलेल्या माणसाकडे थकलेलं माणूस बघतं, तसं.

"हो बाळा," ती स्पीकरला म्हणाली. "तळतायत."

त्याच दिवशी खिंडीतल्या माणसांनी लाकडी खांब रोवून तार पुन्हा ताणली. संध्याकाळी विजेची मागणी चढायच्या आधी कोक-जारला पुन्हा देशाशी जोडायचं ठरलं. खोऱ्याला द्यायला आमच्याकडे शिल्लक काही नव्हतं. कुणाचा तरी घास काढायचा होता. मी बिश्केकचे दोन फीडर निवडले. एकावर माझं घर होतं. बायकोला फोन करून सांगितलं, मेणबत्त्या काढ.

ओमुराली मामा साडेचारला आले. बरोबर तीन म्हातारे, टोप्यांवर बर्फ. मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं. जिपारने चहा दिला. दार अर्धवट उघडं होतं आणि त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. घाटातला बर्फ. या वर्षीचं गवत. कुणाच्या तरी घोडीला झालेलं शिंगरू.

अनिपाने ते ऐकलंच असणार. तिने मान वळवली नाही.

"मामा आलेत," मी म्हणालो. "तुला बोलावतायत."

"आधी जोडून घेऊ," ती म्हणाली. "दोन घोडे पळत असताना एका जुवाला बांधायचेत, तेमिर्कुल. पावलं जुळू देत."

तिने फोन उचलला. अर्धा तास ती त्याला किंचित वर, किंचित खाली करायला लावत राहिली. इतक्या मऊ आवाजात काम करताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही काटे एकमेकांजवळ आले, एकावर एक बसले.

"आता," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. भिंतीवर कोक-जारचा दिवा बाकीच्या दिव्यांत मिसळला. काटा थरथरला आणि पन्नासवर थांबला.

सालकिनचा मोबाइल आला. "जोडलं गेलं! पेटी चालू आहे, बाइके, सगळं चालू आहे!"

आता अक-बुलाकची कुणाला गरज नव्हती.

भिंतीवर मात्र ते तसंच होतं. हिरवा दिवा. दोन.

अनिपा उठली. गुडघे धरून, हळू. मागच्या खोलीत गेली. मी आणि जिपार तिच्यामागे गेलो.

म्हातारे उठून उभे राहिले. मामांनी तिला जवळ बसवलं. टोपी काढली, पुन्हा घातली, घसा साफ केला. "पोरी," ते चालीवर सुरू झाले, "उंच कड्यावर एक चिनार होता..."

"मामा, थांबा," अनिपा म्हणाली. "मला ठाऊक आहे."



"कुणी सांगितलं?" मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही. सोमवारी नऊला त्याचा फोन आला. मी त्याला पाठीवर घेऊन वाढवलाय, मामा. त्याचा श्वास माझ्या मानेवर असायचा. त्या फोनवर तो श्वास घेत नव्हता."

जिपार भिंतीला टेकली.

"मग गप्प का राहिलीस गं?" मामांचा आवाज फाटला. "चार दिवस? हसून बोलत होतीस त्याच्याशी?"

"पेटीत पोरं होती." तिने रुमालाने नाही, हाताच्या तळव्याने तोंड पुसलं. "त्याला कळलं असतं तर तो झडप सोडून निघून गेला असता. मी त्याला कामाला लावलं, मामा. माझ्या मेलेल्या भावाला मी चार दिवस कामाला लावलं. जेवला नाही, झोपला नाही."

मामा काहीतरी बोलायला गेले.

"मला सांगायला तुम्ही एवढा घाट ओलांडून आलात," ती म्हणाली. "पण सांगायचंय ते मला नाही. त्याला अजून कुणीच सांगितलेलं नाही."

आत फोन वाजायला लागला.

ती वेळ तासाची नव्हती. मेलिस कधी अवेळी फोन करत नसे.

"मामा, तुम्ही सांगा," अनिपा म्हणाली. "तुम्हाला चाल येते."

मामांनी मान हलवली. त्यांच्या दाढीवर पाणी आलं होतं. "जिवंत माणसाला सांगायची चाल येते मला, पोरी. ही नाही येत."

फोन वाजत राहिला.

अनिपा आत गेली. खुर्चीत बसली. रिसीव्हर नाही उचलला, स्पीकरचं बटण दाबलं.

पाणी. दगडांवरून.

"एजे?"

"बोल बाळा."

"एजे, इथे माणसं आलीत."

आमच्यापैकी कुणी श्वास घेतला नाही.

"दार तर बर्फाने बंद आहे. तरी ओळीने आत आली, टोप्या झटकत. म्हातारी आहेत सगळी. काही ओळखीची नाहीत. बाबा आहेत त्यांच्यात. मी उठलो, तर म्हणाले, बस, तुझं काम चालू दे. आता गवताचं बोलतायत. कुठल्यातरी घोडीला शिंगरू झालंय म्हणे. माझ्याकडे कुणी बघत नाही, एजे. सगळे आपापल्या हातांकडे बघतायत."

मामांनी माझा दंड धरला.

"घरी कुणाला काही झालंय का?" मेलिसने विचारलं. "तुला काही झालंय का? मला खरं सांग. हे लोक सांगत नाहीत, नुसते थांबलेत."

"मला काही नाही झालं."

"मग कोण गेलं?"

अनिपाने भिंतीकडे पाहिलं. दोन. काटा पन्नासवर, स्थिर, जसा त्या हिवाळ्यात एकदाही राहिला नव्हता. तिने डोळे मिटले, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, आणि झोपवायला म्हणतात तशा आवाजात म्हणू लागली.

"डोंगराच्या पाण्या, राजा, रात सरली दिस गेला
कुणाकुणाच्या घरात, माझ्या बाळा, दिवा तू लाविला
डोंगराच्या पाण्या, राजा, आता वाहणं दे थांबवून
उंबऱ्याशी बाबा आले, माझ्या बाळा, हात तुझा मागून."

तिचा आवाज तिथे संपला. पलीकडे पाणीही थांबलं होतं.

"एजे," अगदी लहान आवाजात, "कोण गेलं?"

"तू गेलास, मेलिस," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी, जाळीवरचा बर्फ फोडताना. कोक-जारमध्ये सगळे जगलेत. झडप सोड आता, बाळा."